फाटक्या पंखाची मादी

१

सकाळचा चहा झाला की हे जाळी खांद्यावर टाकून बाहेर पडत आणि मी पडवीत टेबल ओढून बसे. सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षापासून आमचा हाच क्रम होता. हे मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. कोकणपट्टीतले मोठे रानभुंगे नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाने कसे ओळखावेत, याचं पुस्तक लिहायला त्यांनी रजा काढली होती. चित्रं मी काढायची, हे आमचं लग्न ठरतानाच ठरलं होतं. बोर्ली पंचतनहून समुद्राकडे उतरलं की नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. त्यांतल्या अगदी शेवटच्या वाडीतलं घर आम्ही भाड्याने घेतलं. पुढे वाळूची पुळण, डाव्या हाताला खाडीचं तोंड, आणि खाडीच्या काठाने कोळीवाडा.

भुंगा म्हणजे काळा, जाडजूड आणि घोंघावणारा, इतकंच मला आधी ठाऊक होतं. बघायला मला ह्यांनी शिकवलं. एका जातीच्या पंखांवर ऊन पडलं की निळं-जांभळं तेज उठतं, दुसरीच्या पंखांवर हिरवट तांब्याचं. एका जातीची मादी पाठीवर हळद माखल्यासारखी पिवळी, आणि तिचा नर सगळाच सोनेरी, दुसऱ्याच कुळातला वाटावा असा. नराच्या डोक्यावरच्या मिशीला तेरा पेरं, मादीच्या मिशीला बारा. मागच्या पायांवरची लव, तोंडावरचा पांढरा ठिपका, दोन डोळ्यांमधलं अंतर. हे एकेक सांगत जात आणि मी ते रंगात उतरवत असे.

"झीज मात्र काढायची नाही," हे बजावत. "पंखाची कड फाटते, लव गळते, मिशी तुटते. ते त्या एका जिवाचं नशीब. जातीशी त्याचा संबंध नाही."

मला नेमकं तेच काढायला आवडे. म्हणून त्या मादीचं चित्र मी दोनदा काढलं. एकदा पुस्तकासाठी, पंख पुरे करून. एकदा माझ्यासाठी, जशी होती तशी. मोठी, निळ्या तेजाची. उजव्या पंखाच्या टोकाशी कोयरीसारखी खाच. डावी मिशी तोकडी. पाठीवर मधोमध लव गळून तिळाएवढा तुळतुळीत डाग पडलेला. पुळणीच्या कडेला खुळखुळ्याची पिवळी फुलं होती, तिथे ती ह्यांना सापडली होती.

"म्हातारी आहे बिचारी," हे म्हणाले. मी तिला टाचणीवर लावली आणि पेटीत ठेवली.

२

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बाटलीतले मेलेले भुंगे माझ्यापुढच्या टिपकागदावर ओतले आणि हात धुवायला विहिरीवर गेले. मी ते चिमट्याने एकेक सुटे करत होते. एक उलथा करून पंख पसरला, आणि टोकाशी कोयरीसारखी खाच दिसली.

कालचीच पेटीतून पडली असेल, असं मला वाटलं. पेटी उघडली. कालची जागच्या जागी होती.

दोघी शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या. खाच तीच. डावी मिशी तेवढीच तोकडी. पाठीवरचा डाग त्याच जागी. मी स्वतःला समजावलं की सगळ्या भुंग्यांना तीच पाखरं टोचतात, तेच काटे लागतात. सारखी झीज व्हायला काय हरकत आहे?

मग मी तिला टाचणी लावायला घेतली. भुंग्याला टाचणी पाठीच्या उजव्या अंगाला घालतात. कवचाला टोक टेकलं की जरासा दाब द्यावा लागतो आणि बारीक 'टक्' होतं. बोटांना त्याची सवय झालेली असते. त्या दिवशी 'टक्' झालंच नाही. पाण्यात बुडावी तशी टाचणी आत गेली.

मी ती बाहेर काढली आणि भिंग धरलं. लवेच्या आत भोक होतं. गोल, स्वच्छ कडेचं.

हे ओल्या हातांनी परत आले तेव्हा मी अजून तशीच बसले होते. त्यांना सांगितलं.

"तूच आधी टोचलीस आणि विसरलीस."

"नाही हो."

"उन्हाची तिरीप येते इथे. डोळे शिणतात." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंग घेतलं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "योगायोग असतात."

त्यानंतर ती रोज येऊ लागली. रोज जाळीत तीच. हे बाटलीत घालून मारत आणि मी टाचणीवर लावत असे. दरवेळी भोक थोडं मोठं झालेलं असे. शेवटी शेवटी टाचणीवर ती ठरेना. पेटी उचलली की स्वतःभोवती सैल फिरायची आणि तिचं तोंड माझ्याकडे व्हायचं.

नीराबाई रोज मासळी घेऊन यायची. तिचा नवरा रावजी ह्यांना आपल्या होडीतून खाडीपलीकडे नेई, कारण तिकडच्या टेकडीला फुलं जास्त होती. एकदा तिने पेटीत वाकून पाहिलं.

"इतकं मेलेलं घरात कशाला ठेवता, बाय?"

"ओळखायला."

"ओलखून मंग काय करता?"

मी बोंबील घेतले आणि पेटी मिटली.

३

ह्यांनी कारण शोधून काढलं. माझ्या टेबलाच्या बरोबर वर पडवीच्या तुळईला एक भोक होतं. अंगठा जाईल एवढं, कंपासाने आखल्यासारखं गोल. माझ्या कागदावर अधूनमधून बारीक भुसा पडे, तो मी फुंकून टाकी. भुंग्याची मादी लाकूड कोरून आत घर करते, हे मला ठाऊक होतं.

"आत खिळा असणार," हे म्हणाले. ते खूपच खुशीत होते. "जुनं लाकूड आहे, मोडका खिळा राहिला असेल. त्या भोकातून जी बाहेर येईल तिचा पंख तिथेच फाटणार, पाठ तिथेच घासणार, टोकही पाठीत तिथेच बोचणार. सगळ्या बहिणी आहेत त्या. एका घरातल्या."

ऐकून मलाही हलकं वाटलं. हे स्टुलावर चढले, करंगळी आत घालून फिरवली.

"लागला?"

"आणखी आत असेल."

त्यांनी बांबूची दोन हात लांब कामटी मागितली. ती भोकात सरकत गेली, सरकत गेली. तुळई हातभर रुंदसुद्धा नव्हती. कामटी ह्यांच्या मुठीपर्यंत आत गेली, तरी पलीकडच्या अंगाने बाहेर आली नाही. हे मान कलती करून तसेच उभे राहिले. मीही ऐकलं. आत कुरतडल्याचा आवाज होता, कानस फिरवावी तसा, सावकाश. मधे थांबे. आम्ही बोललो की थांबे.

"खिळा नाही," हे शेवटी म्हणाले आणि कामटी बाहेर ओढली.

"मग?"

"वाकडं कोरलेलं असेल घर. वळून वर गेलं असेल." ते खाली उतरले. चिखलाचा गोळा आणून त्यांनी भोक लिंपलं, अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलं. "उद्या आली नाही, तर घर हेच होतं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी हे खाडीपलीकडे गेलेच नाहीत, पुळणीवरच थांबले. मी पडवीतून बघत होते. ते खुळखुळ्याजवळ पोहोचले, जाळी न उचलता उभे राहिले, आणि तसेच परत आले.

"नव्हती ना?" मी विचारलं.

"होती. मारली नाही मी."

त्या दिवशी ते जेवले नीट, पण टेबलाशी बसले नाहीत. लिंपलेल्या भोकाखालून जाताना मान जराशी खाली घालत.

४

पौषात समुद्र शांत असतो. म्हणूनच कोळीवाड्यातून ओरडा ऐकू आला तेव्हा मला वाटलं, भांडण असेल. मग बायका धावताना दिसल्या. ऐन दुपार होती. मी हातातला ब्रश तसाच घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले.

रावजीची होडी पालथी तरंगत होती, आणि सकाळी हे तिच्यातूनच पलीकडे गेले होते. ओहोटीला तिथे लाट फुटते, पण रावजी लहानपणापासून तेच पाणी तोडत आला होता. दुसऱ्या होड्या फिरत होत्या, माणसं बांबूने तळ चाचपत होती. नीराबाई कंबरभर पाण्यात उभी होती. तिला कुणी मागे ओढलं की ती पुन्हा पुढे जाई. ह्यांची जाळी वाळूला लागली होती. ती मी उचलली नाही.

ह्यांना पोहता येत नव्हतं. चौपाटीवरसुद्धा घोट्यापलीकडच्या पाण्यात ते पाऊल टाकत नसत. लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हापासूनची धास्ती. होडीत रावजीच्या पायाशी, दोन्ही हातांनी कड धरून बसत. मी हे सगळं कुणाला सांगितलं नाही. नुसती पाण्याकडे बघत राहिले.

ऊन कलल्यावर दयाराम पाटील, गावचे पोलीस पाटील, माझ्याजवळ आले. "वहिनी, घरी चला. घोटभर पाणी घ्या. आम्ही हाव हितं."

मी घरी आले. पडवीत माझ्या खुर्चीवर हे बसले होते. कपडे अंगाला चिकटलेले. केसांतून पाणी गळत होतं.

"आलीस?" हे म्हणाले.

मी त्यांचे हात धरले, तोंड चाचपलं, काय काय बोलले ते आठवत नाही. पाटील मागून आले होते, ते अंगणातच थबकले आणि मग हसत, हात जोडत पुढे झाले. गाव जमलं. देवाने वाचवलं म्हणाले.

"आलात कसे, सायेब?" कुणीतरी विचारलं.

"पोहत आलो," हे म्हणाले.

"आनी रावजी?"

ह्यांनी मान हलवली.

माणसं गेल्यावर मी पंच्याने त्यांचं डोकं पुसलं. पडवीतली सारवलेली जमीन खुर्चीखाली काळी ओली झाली होती. पायरी कोरडी होती. अंगणही कोरडं होतं. पौषातलं ऊनसुद्धा कडक असतं, पावलं सुकली असतील, असं मी मनाशी म्हटलं आणि पोतेरं आणायला आत गेले.

५

रावजी तिसऱ्या दिवशी खाडीत तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला.

ह्यांच्यात काही फरक नव्हता. मी फार बारकाईने बघत होते, म्हणून सांगते. चहात साखर तेवढीच, 'अगं' म्हणण्याची तऱ्हा तीच, झोपेत डाव्या कुशीला वळणं तेच. फक्त सकाळी त्यांची उशी ओली असे. घाम असेल म्हणून मी उशी उन्हात टाकली. वाळल्यावर खोळीवर पांढरी पुटं धरली. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट होतं. घामही खारटच असतो.

भुंगे पकडायचं त्यांनी सोडलं होतं. एकदा मी मागीलदारातून आले तर हे स्टुलावर उभे होते आणि लिंपलेला चिखल नखाने खरवडून काढत होते. ढेकळं माझ्या कागदावर पडत होती.

"हे काय करताय?"

"गुदमरत असेल," हे म्हणाले.

नीराबाई आली ती सुतकातच आली. दुसऱ्याच्या दारी अशा वेळी कुणी जात नाही. ती ओटीवर चढली नाही, अंगणातच उभी राहिली. कपाळ मोकळं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

"सायबांना बोलवा, बाय. एकच विचारायचं हाय."

हे बाहेर आले आणि पायरीवर बसले.

"सायेब, तुम्हाला पोहाया येत न्हाय," नीराबाई म्हणाली. "दादला मला रोज सांगायचा. म्हनायचा, सायेब पोरासारखा कड धरून बसतो. आनी त्यो माजा दादला, अर्धा जन्म पान्यात गेला त्याचा. तुमी आलात. त्यो का न्हाय आला?"

हे पायरीच्या दगडावरून बोट फिरवत राहिले.

"कसं आलात तेवढं सांगा. मी कुनाला बोलनार न्हाय. त्याला तसाच आनता आला तर बघते."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारात भाव विचारावा तशी ती विचारत होती.

"मला पाणी आठवतं," हे म्हणाले. "आणि मग हे टेबल आठवतं. मधलं काही नाही, नीराबाई. असतं तर तुला सांगितलं असतं."

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदर सावरून निघून गेली. हे पायरीवरच बसून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हे खरंच रडत होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

६

दयाराम पाटील एका सकाळी परसदाराने आले. ते नेहमी पुढून, खाकरत येत. हे विहिरीवर आंघोळ करत होते, रहाटाचा आवाज येत होता.

"वहिनी, जरा पुळनीवर चला. सायबांना नको."

"काय झालं?"

"एक मानूस लागलाय किनाऱ्याला. पान्यात लई दिवस होता. बोटीवरचा कोन परका असंल." ते घुटमळले. "त्याच्या खिशात ह्ये होतं."

त्यांनी रुमाल उघडला. आत ह्यांचं भिंग होतं, पितळी कडेचं, मुठीपाशी दोरा गुंडाळलेलं. दोरा मीच गुंडाळला होता.

मी भिंगाकडे पाहिलं, आणि मग माझ्या स्वतःच्या हाताकडे. मी चित्र काढत होते, तशीच उठून आले होते. माझ्या हातातही तेच भिंग होतं. तोच दोरा. पाटलांनीही ते पाहिलं. त्यांनी रुमाल मिटला आणि पुढे चालू लागले.

माणसं लांब उभी होती. प्रेतावर शिडाचं फाटकं कापड टाकलं होतं. जवळ फक्त नीराबाई बसली होती, वाळूवर, गुडघे पोटाशी घेऊन.

पाटलांनी कापड बाजूला केलं. चेहरा राहिला नव्हता. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, आता ओळखायचं कसं, आणि लगेच माझे डोळे आपोआप कामाला लागले. ह्यांनीच तशी सवय लावली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. पोटरीवर भाजल्याचा, पानाच्या आकाराचा डाग. डाव्या हाताचं मधलं बोट शेवटच्या पेरात जरासं आत वळलेलं. कानामागे, केसांच्या कडेला तीळ. त्याच्याखाली वस्तऱ्याने कापल्याची जुनी पांढरी रेघ.

सगळी झीज. एका जिवाच्या नशिबाची.

आणि ते नख मी त्याच सकाळी पाहिलं होतं. हे पायरीवर वहाणा घालत होते तेव्हा. तो तीळ आदल्या संध्याकाळी डोकं पुसताना बोटाखाली आला होता.

"ओळख पटती का, वहिनी?" पाटलांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं होतं.

"माझे यजमान घरी आहेत, पाटील."

"व्हय. मी ऐकला ना रहाट."

"मग?"

"मग न्हाय म्हना. मी लिवून घेतो, अनोळखी म्हनून."

"ओळखत नाही," मी म्हटलं.

पाटलांनी श्वास सोडला. कापड पुन्हा ओढलं.

"नीट बघा, बाय," नीराबाई जागची न हलता म्हणाली. "माज्या दादल्याचं बी तोंड न्हवतं. मी पायाच्या नखावरून ओलखला."

मी मान खाली घातली. तिने वाळूतून हात पुढे केला आणि कापडाबाहेर राहिलेलं ते पाऊल आत सारलं, झोपलेल्याच्या पायावर पांघरूण घालावं तसं.

७

तालुक्याचं गाव लांब होतं आणि प्रेत थांबण्यासारखं नव्हतं. पंचनामा उरकून पाटलांनी लाकडं आणवली. अग्नी द्यायला मात्र कुणी पुढे होईना. परक्याचं, शिवाय असं. कोळीवाड्यातली माणसं एकमेकांकडे बघत उभी होती.

मग वाडीच्या बाजूने हे येताना दिसले. आंघोळ केलेली, कमरेला धुतलेलं धोतर, खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं. कुणी बोलवायला गेलं नव्हतं.

"बेवारशी माणूस आहे," हे पाटलांना म्हणाले. "मी देतो अग्नी."

पाटील मागे सरले. हे चितेपाशी बसले आणि कापड स्वतःच्या हाताने दूर केलं. टिपकागदावरच्या भुंग्याकडे बघत तसे, मान जराशी कलती करून ते बघत राहिले. डावा हात छातीखाली दुमडून राहिला होता. तो त्यांनी हलकेच सोडवून सरळ केला. मग उठले, मडकं घेऊन फिरले, आणि अग्नी दिला. ज्वाळा चढल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर ऊब लागल्यासारखं काहीतरी आलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि त्यांच्याजवळही जावंसं वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही.

परतताना ओली वाळू होती. आमची पावलं शेजारी शेजारी उमटत होती.

"तू काय सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"ओळखत नाही म्हटलं."

"बरं केलंस." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "यापुढे कुणी लागलं किनाऱ्याला, तर तू येऊ नकोस. मी बघेन."

मी मुंबईला जाऊ म्हटलं. हे 'जाऊ' म्हणाले, पुस्तक पुरं झालं की. मी एकटी निघू शकले असते, एसटी बोर्लीहून सुटत होती. माहेर होतं. पण घरी गेल्यावर काय सांगणार होते? नवरा बुडाला म्हणून? तो तर स्टँडवर माझी ट्रंक उचलून द्यायला आला असता. आणि खरं सांगायचं तर, माझं काय गेलं हे माझं मलाच सांगता येत नव्हतं. सगळं होतं तसंच घरात होतं.

माघात आंबे मोहोरले. एका सकाळी मी रंग कालवत होते, हे समोर बसून पानं लिहीत होते, आणि दयाराम पाटील अंगणात येऊन उभे राहिले. हाक मारली नाही. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यांनी एका हातात धरलं होतं, दुसऱ्या हातात तोच मिटलेला रुमाल होता. ते ह्यांच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे.

ह्यांनी लेखणी ठेवली. वहाणा पायात सरकवल्या.

"तू बस," मला म्हणाले.

ते दोघे पुळणीकडे गेले. दुपारी नारळांच्या शेंड्यांमागे धूर दिसला. मी चूल पेटवली, भात टाकला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

हे परत आले, विहिरीवर हातपाय धुतले, पानावर बसले. मी वाढलं आणि समोर बसले. शेवटचा भात कालवताना ह्यांनी सहज विचारलं, "तुला पोहता येतं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं आहे," हे म्हणाले, आणि त्यांनी ताक मागितलं.